नाव घातलेला डबा

जयवंता पुराणिक हातात एक पिवळी डबी घेऊन तारनाक्याच्या चौकात आभाळाकडे तोंड करून उभी राहायला लागली, तेव्हा लोकांनी दोन तर्क केले. एक, बाईंना रिटायरमेंट सोसली नाही. दोन, मोबाइल घेतलाय पण त्याला रेंज नाही. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तर, "अम्मा, छत पे जाओ, वहां टावर पकडता," असा सल्लाही देऊन टाकला. सगळे चूक. ती उपग्रह पकडत होती.

जयवंता कोण, हे आधी सांगितलं पाहिजे. नल्लकुंट्याच्या जुन्या मराठी वकिलाची मुलगी. वडील उर्दूतून शिकलेले, त्यामुळे घरात बाराखडीबरोबर अलिफ-बेही गिरवलं गेलं. बी. ए. झाली आणि टेलिफोन खात्यात लागली, ती थेट ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात पितळी टोकाच्या दोऱ्या. "हॅलो नागपूर, हैदराबाद बोलतेय. पार्टी तयार आहे, बोला." सगळ्या देशाला तिनं लाइन जोडून दिली आणि स्वतः मात्र एका बाजूला सोलापूर आणि दुसऱ्या बाजूला तिरुपती यापलीकडे गेली नाही. नवरा हेमंत रेल्वेच्या हिशेब खात्यात. त्याला पास मिळायचे, पण तिला रजा मिळायची नाही.

मग एसटीडी आलं, गल्लोगल्ली पिवळे बूथ आले, आणि बोर्ड बंद पडला. बरोबरच्या बायका रडल्या. जयवंता रडली नाही. "डायल फिरवला की नागपूर लागतं, तर मध्ये मी कशाला हवी?" म्हणाली, आणि बोर्ड भंगारात निघाला त्या दिवशी एका दोरीचं पितळी टोक पिरगाळून काढून पर्समध्ये टाकलं. रीतसर परवानगी वगैरे घेतली नाही. तिच्या नोकरीत तिनं केलेली ही एकच उचलेगिरी.

पिवळी डबी दिली ती तिच्या भाच्यानं, आदित्यनं. तिचा धाकटा भाऊ पुण्याला स्थायिक झाला होता. त्याचा मुलगा आदित्य सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीनं त्याला माधापूरला आणलं, तशी आई अलकाही मागोमाग आली. ऑफिस माधापूरला असलं तरी अलकाला हाताशी दुकानं हवीत, म्हणून घर हिमायतनगरला. आदित्य अमेरिकेला वर्षभर राहून आला होता आणि तिकडून हा नाद घेऊन आला होता. उपग्रहांवरून जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारं नवीन यंत्र स्वतःला घेतलं आणि जुनं, म्हणजे ही पिवळी डबी, आत्याला दिलं.

"आत्या, फिरायला जातेस तेव्हा जवळ ठेव. किती चाललीस ते कळेल."

"ते मला पायांवरून कळतं. दुसरं काय कळतं यात?"

तेव्हा त्यानं खेळ सांगितला. कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवायचा, त्याला म्हणायचं 'ठेवा'. आत कागद, पेन्सिल आणि चार किडूकमिडूक वस्तू. जागेचे अक्षांश-रेखांश एका वेबसाइटवर द्यायचे. जगातल्या कुणीही ते बघून यंत्र घेऊन यायचं, डबा हुडकायचा, कागदावर नाव लिहायचं, हवी तर एक वस्तू घ्यायची, बदल्यात एक ठेवायची, आणि डबा होता तिथंच परत. घरी जाऊन साइटवर नोंद करायची: सापडला तर पिवळा हसरा चेहरा, नाही सापडला तर निळा रडका.

"आणि मिळतं काय?" हेमंतनं पेपरमधून डोकं वर काढलं.

"काही नाही, काका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

हेमंतनं डोकं परत पेपरात घातलं. जयवंता मात्र सरसावून बसली. तिनं आदित्यला साइटवरचा नकाशा उघडायला लावला. युरोपला गोवर आल्यासारखे ठिपके. अमेरिकेत तर जमीनच दिसेना. बोट सरकवत सरकवत ती हैदराबादवर आली, हैदराबादवरून तारनाक्यावर आली. तिथे कोरा करकरीत कागद.

"हे काय? आपल्या इथे कुणीच ठेवलेलं नाही?"

"इथे नाही चालत, आत्या. उचलून नेतात लोक. सकाळी डबा ठेव, संध्याकाळी भंगारवाल्याकडे."

"हैदराबादेत कुणी कुणाचा डबा नेत नाही."

आदित्य हसला. अलका तर मोठ्यानं हसली. "वन्सं, चपला देवळाबाहेर ठेवून बघा आधी!"

"चपला वेगळ्या, डबा वेगळा," जयवंता म्हणाली. "मी ठेवते. बघू कोण नेतं."

"बरं," आदित्य म्हणाला. "डबा टिकला तर मी येऊन सही करीन, आमच्या ऑफिसातल्या यानलाही आणीन. हॉलंडचा आहे, या खेळात मुरलेला. नाही टिकला तर 'आमचं हैदराबाद, आमचं हैदराबाद' बंद करायचं."

झालं. एवढ्यावरून ती इरेला पेटली. जयवंता तोंडाची फटकळ असली तरी शब्दाची पक्की. आणि शहरावरून कुणी बोललं तर नवऱ्याच्या नातेवाइकांवरून बोलल्यापेक्षा तिला जास्त लागायचं.

पहिली जागा तिनं शोधली ती रेल्वे पुलाच्या भिंतीतली खोबण. साइटवर पाठवली. तिकडे या जागा तपासायला माणसं असतात, फुकटात, केवळ हौसेखातर. कुठल्याशा देशात बसलेल्या त्यांच्यातल्या एका पंचानं नकाशा पाहिला आणि नम्रपणे कळवलं, की जागा रुळांच्या फार जवळ आहे, मंजूर करता येत नाही.

"तिकडे बसून हा मला आमचे रूळ दाखवतो!" जयवंता भडकली.

"बरोबर आहे त्याचं," हेमंत म्हणाला. "जन्म रेल्वेत घालवला मी. मला विचारलं असतंस तर पोस्टाचा खर्च न करता सांगितलं असतं."

"ईमेलला पोस्ट लागत नाही हो."

"फोनचं बिल लागतं."

दुसरी जागा मात्र अशी सापडली की पंचाला बोट ठेवायला जागा उरू नये. विद्यापीठाच्या मागल्या अंगाला मोकळं रान आहे, आणि त्यात हैदराबादचे ते दगड. ज्यानं पाहिले नाहीत त्याला सांगून पटत नाही. घराएवढ्या धोंड्यावर खोलीएवढा धोंडा, त्यावर कपाटाएवढा, कुणी रचले, कसे तोललेत, कळत नाही. भोवती सीताफळाची रानटी झुडपं. त्यातला एक दगड बसलेल्या म्हशीसारखा. म्हशीच्या शेपटीखाली हात जाईल एवढी फट. जयवंतानं तिथे उभं राहून आकडे घेतले, पण दगडांच्या गर्दीत यंत्र बावचळायचं, एकदा इकडचे आकडे दाखवी, एकदा तिकडचे. तिनं ते सोडलं नाही. ट्रंकवर लाइन खरखरली की तोडून पुन्हा जोडायची सवय होतीच. वेगवेगळ्या दिवशी जाऊन तिनं आकडे घेतले, त्यांची सरासरी काढली आणि मगच पाठवले. साइटवर एक सूचक ओळही देता येते. ती अक्षरं उलटीपालटी करून छापतात, म्हणजे ज्याला मदत नको त्याच्या डोळ्यावर उगाच येत नाही आणि ज्याला हवी तो शेजारच्या किल्लीनं सोडवून घेतो. जयवंतानं इंग्रजीत लिहिलं: 'म्हशीची शेपटी उचला.'

राहिला डबा. साइटवाले सांगतात, घट्ट झाकणाचं प्लास्टिक घ्या. जयवंताला प्लास्टिकवर विश्वास नाही, उंदीर कुरतडतात. तिनं फळीवरून स्टीलचा कडीचा डबा काढला, हेमंतचा जुना. पुराणिकांच्या घरातल्या प्रत्येक भांड्यासारखा तोही नाव घातलेला. लग्नानंतर त्यांची बरीच वर्षं लालागुड्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. तिथे शेजारी तमिळ, वर बंगाली, खाली तेलुगू, आणि डबे सगळ्यांचे सगळ्यांकडे. सणावाराला गेलेला डबा नेमका आपल्याच घरी यावा म्हणून बेगमबाजारातला नाववाला दारावर यायचा आणि टकटक करत इंग्रजीत ठिपक्या-ठिपक्यांचं नाव कोरून द्यायचा: जे. एच. पुराणिक, क्वार्टर सी-नऊ. एकदा घातलेलं नाव पुढे कुणी वाचतं होय? कपाळावरच्या तिळासारखं ते दिसेनासं होतं.

तर त्या डब्यात तिनं कागद घातला, पेन्सिल घातली, लाडबाजारातली एक काचेची बांगडी, एक किल्लीची साखळी, आणि बराच वेळ हातात धरून ठेवून शेवटी ते बोर्डाचं पितळी टोक. "जगातून माणसं यायची तर काहीतरी आपलं नको?" असं म्हणाली. एक चिठ्ठी इंग्रजीत, एक शेजारणीकडून तेलुगूत, एक स्वतःच्या हातानं उर्दूत: हा खेळ आहे, चुकून सापडला तर कृपा करून इथेच राहू द्या. तिन्ही आत घातल्या आणि कडी लावली.

पंचानं मंजुरी दिली. नकाशावर तारनाक्याच्या बाजूला ठिपका उमटला आणि त्याखाली जयवंताचं नाव. त्या दिवशी हेमंतला चहा दोनदा मिळाला.

शनिवारी आदित्य आणि तो यान जाऊन आले. संध्याकाळी जयवंतानं साइट उघडली. निळा रडका चेहरा. पाठोपाठ फोन.

"आत्या, गेला."

"नीट बघितलं नसशील."

"यान झोपून आत हात घालून आला. शर्ट बघायचा का त्याचा? डबा नाही."

ती स्वतः गेली. खरंच नव्हता. शेपटीखाली हात घातला तर नुसता गार दगड आणि मुंग्या. पण जयवंता हार मानणारी नव्हे. घरी आली, फळीवरून दुसरा, जरा लहान, कडीचा डबा काढला, पुन्हा कागद, पेन्सिल, चिठ्ठ्या घातल्या आणि जागेवर ठेवून आली. साइटवर लिहिलं, 'ठेवा' पुन्हा जागेवर आहे. आठवडाभरानं यान एकटाच गेला. पुन्हा निळा रडका.

आता मात्र पंचाचं पत्र आलं. भाषा मऊ, मजकूर कडक. दोनदा लागोपाठ सापडलेला नाही, पान तात्पुरतं बंद केलं आहे. ठेवा टिकण्याजोगा नसेल तर तो कायमचा नकाशावरून काढावा लागेल, आपण काय ते कळवा. ठिपका करडा झाला.

नेमका मध्ये दसरा आला. हिमायतनगरला जेवायला बोलावलं होतं. अलकानं श्रीखंड वाढता वाढता सुरू केलं.

"इथे आपट्याची पानंसुद्धा मिळत नाहीत बाई, नुसती ती जम्मी देतात हातात."

"शमी ती. पांडवांनी शस्त्रं ठेवलेली. कुणी नेली नाहीत," जयवंता म्हणाली.

"तेव्हा नसतील नेली," आदित्य म्हणाला. "आत्या, आता मान्य कर ना. एक नाही, दोन डबे गेले."

"मी परेशान झालेय, मला छळू नकोस."

"'परेशान' काय वन्सं, 'त्रासले' म्हणा," अलका म्हणाली. "आणि त्रासायचं काय त्यात? स्टीलचे डबे असे रानात ठेवलेत तर नेणारच कुणीतरी. मी म्हणते आता तिसरा ठेवाल तर त्यात थोडं श्रीखंडही घाला."

सगळे हसले, हेमंतसुद्धा. हसून झाल्यावर त्यानं बायकोकडे पाहिलं आणि घाईघाईनं पुरी मागितली. जयवंतानं श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. तिला डब्यांचं काही नव्हतं, डबे घरात ढीगभर. पितळी टोक गेलं याची मात्र हळहळ होती. पण खरं सलत होतं ते वेगळंच. ज्या शहरात ती वाढली, ज्याची तिनं इतकी वर्षं आवाजातून ओळख करून दिली, त्याच्यासाठी ती चारचौघांत छाती काढून उभी राहिली होती, आणि त्यानं तिला तोंडघशी पाडलं होतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे तिची नजर बदलली. त्या रानात ती पुन्हा गेली, तेव्हा झाडाखाली झोपलेल्या माणसाकडे तिनं वाकडी मान करून पाहिलं. वरच्या दगडावर एक बाई शेळ्या घेऊन बसली होती, तिच्या गाठोड्याकडे पाहिलं. त्या बाईनंही हिच्याकडे पाहिलं. जयवंताच्या तोंडाशी आलं होतं विचारावं म्हणून. विचारलं नाही, 'तू घेतलास का' असं कसं विचारणार? ती तशीच परत फिरली आणि वाटभर स्वतःवर चिडत राहिली. असं चोरून लोकांच्या गाठोड्याकडे बघणारी बाई ती कधीच नव्हती.

मग एका दुपारी ती संगणकासमोर बसली. मोडेमनं आपली कुंईकुंई केली, लाइन लागली. पंचाला उत्तर लिहायला घेतलं: आपण म्हणता ते बरोबर आहे, ठेवा काढून टाकावा. एवढं लिहिलं आणि शेवटची कळ दाबायला बोट उचलेना. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात तीच शेळ्यांवाली बाई. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, आणि हातात एकावर एक ठेवलेले दोन कडीचे डबे.

"पुरानिक अम्मा का घर यहीच है?"

"हौ," जयवंताच्या तोंडून कसंबसं निघालं.

"या अल्ला! मिले तो सही!" बाई उंबऱ्यावरच बसली आणि पदरानं घाम पुसायला लागली. "अम्मा, डब्बे ऐसे फेंकते क्या जंगल में? पहला मिला तो समझी भूल गये होंगे. खाना खाने आये, भूल गये. दूसरा मिला तो बोली, ये अम्मा कू कुछ भूलने की बीमारी है, जल्दी पहुंचाना पड़ता."

"पण... तुमकू घर कैसा मिला?"

"कैसा क्या? नाम है ना डब्बे पे!" तिनं डबा फिरवून ठिपक्यांवर बोट आपटलं. "बस्ती की बच्ची पढ़के बोली, पुरानिक, क्वार्टर सी-नौ. लालागुड़ा गई. वहां मद्रासी लोगां निकले. बोले वो लोगां तो कब के चले गये, किधर गये मालूम नै. फिर इसकू पूछी, उसकू पूछी. किसीकू नै मालूम. आखिर कोने पे इस्तरीवाला बोला, पुरानिक? वो टेलिफोनवाली अम्मा? पीली डिब्बी आसमान कू दिखाते फिरती, वहीच? सीधा चले जाव."

जयवंता दाराला टेकून उभी होती, ती तिथेच खाली बसली. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा हसू आलं, आणि ते आवरेना. हेमंत आतून धावत आला. बायको उंबऱ्यावर बसून हसतेय, समोर अनोळखी बाई आणि मध्ये आपले डबे, हे पाहून तो चष्मा काढून पुसायला लागला.

"अहो, नाव!" जयवंता म्हणाली. "नाव घातलेले डबे ठेवले मी! कुणी परत आणून देणार नाही तर काय करणार?"

"दोन्ही?"

"घरात नाव नसलेला डबा आहे का एक तरी?"

हेमंतनं क्षणभर विचार केला. "नाही," म्हणाला.

तिनं पहिला डबा उघडला. कागद, पेन्सिल, बांगडी, साखळी. तळाला पितळी टोक. चिठ्ठ्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"तुमी खोलके बी नै देखे?"

"दूसरे का डब्बा मैं कायकू खोलूं?" बाईला तो प्रश्नच आवडला नाही. मग पिशवी पुढे सरकवली. "खाली हाथ कैसी आती बोलके सीताफल लाई. वहींच के हैं, पत्थरां के. और अम्मा, तुमकू देखी थी मैं उस दिन, पत्थर में हाथ डालके फिर रहे थे. समझी दवाई का पाला ढूंढ रहे. पूछ लेना था ना!"

"पूछना था," जयवंता म्हणाली. "चूक झाली." हे शेवटचं मराठीत म्हणाली, पण बाईला बरोबर कळलं.

"अहो, आदित्यला फोन लावा!"

"कुठून लावू? तुझं इंटरनेट चालू आहे," हेमंत म्हणाला.

बाईचं नाव महबूबबी. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि जयवंतानं तिला खेळ समजावून सांगितला. उपग्रह सांगितले, वेबसाइट सांगितली, हॉलंडहून आलेला माणूस सांगितला. महबूबबीनं सगळं ऐकून घेतलं.

"मतलब बड़े लोगां छुपनछुपाई खेलते."

"हौ."

"नौकरी नै क्या इनकू?"

"है. छुट्टी के दिन खेलते."

"अच्छा," महबूबबी म्हणाली आणि आणखी एक बिस्किट घेतलं.

मग जयवंतानं डब्यातला कागद तिच्यापुढे ठेवला. या खेळात पहिल्यांदा ठेवा शोधणाऱ्याचा मोठा मान. तो पहिली सही करतो, ती जागा पुढे कुणाला मिळत नाही. यान त्याच्यासाठी दोनदा शर्ट मळवून गेला होता.

"कायका कागज है? जमीन का तो नै?"

"नै. तुमकू सबसे पैले मिला, उसका कागज."

महबूबबीनं पेन्सिल घेतली, जिभेला लावली, आणि उजवीकडून डावीकडे, सावकाश, ठसठशीत उर्दूत नाव लिहिलं. नियमाप्रमाणे एक वस्तू घ्यायची असते म्हणून तिनं बांगडी उचलली, उजेडात धरून पाहिली आणि हातात चढवली. बदल्यात ठेवायला काय? तिनं पिशवीच्या तळाशी चाचपलं आणि शेळीच्या गळ्यातला एक घुंगरू काढून डब्यात टाकला. तो पितळी टोकाशेजारी जाऊन बसला.

पंचाला अर्धवट लिहिलेलं उत्तर जयवंतानं पुसलं आणि नवं लिहिलं. सगळं लिहिलं, नाव घालण्याची पद्धतही. शेवटी ठणकावलं, की ठेवा चोरीला गेला नव्हता, तो मालकाचा पत्ता काढत घरी आला. आपल्या नकाशावर असा दुसरा असेल तर दाखवा. पंचानं दाखवला नाही. उत्तरात एकच ओळ होती, की हे आपण सगळ्या मित्रांना वाचून दाखवलं. आणि खाली: पान सुरू केलं आहे.

हेमंतनं कानस काढली. "नाव घासून टाकू? म्हणजे पुन्हा भानगड नको."

"हात लावाल तर बघा! नाव होतं म्हणून आला ना परत?"

नाव तसंच राहिलं. झाकणावर मात्र तिनं तांबड्या रंगानं तिन्ही भाषांत लिहिलं: इथेच राहू दे. आणि साइटवर ठेव्याची निगा राखणाऱ्याचं नाव विचारतात तिथे आपल्या नावापुढे महबूबबीचं नाव घातलं. महबूबबीनं ते काम लगेच पत्करलं. "शेलियां देखती, डब्बा बी देखती. पर अम्मा, कोई ढूंढने आया तो बता दूं?"

"नक्को! बिलकुल नक्को."

आदित्यला तिनं 'डबा जागेवर आहे' एवढंच कळवलं, बाकी काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तो यानला घेऊन पुन्हा आला. जयवंता आणि महबूबबी वरच्या दगडावर बसल्या होत्या, सीताफळं खात, बिया थुंकत. खाली दोघं यंत्र घेऊन गोल गोल फिरत होते. यान उंच, लालबुंद झालेला, दोनदा फसवलेल्या शेपटीवर आता विश्वास उरला नसल्यानं म्हशीच्या तोंडाकडून सुरुवात करून पोटाखाली शिरला.

"अम्मा, बोल दूं?"

"नक्को."

"अरे, दो फर्लांग दूर सरक रहा वो तो. अंधे हैं क्या दोनों?"

"हौ. चुप बैठो."

महबूबबीनं तोंडात सीताफळ कोंबून स्वतःला गप्प केलं. अखेर यान वळसा घालून शेपटीकडे आला, गुडघ्यावर बसला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि एकदम ओरडला. डबा बाहेर आला. उन्हात असा चकाकला की वरून ठिपक्यांचं नावसुद्धा दिसल्यासारखं वाटलं.

आदित्यनं कडी उघडली, कागद काढला, आणि थांबला. पहिल्या ओळीवर काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद उलटा करून पाहिला, सुलटा केला, मग वर दगडाकडे पाहिलं.

"आत्या! हे काय लिहिलंय? कोण आलं होतं आपल्या आधी?"

जयवंता उठली. साडीवरच्या बिया झटकल्या, दगडावरून उतरून आली आणि भाच्याच्या हातातला कागद घेऊन, वडिलांनी शिकवलं होतं तसं बोट ठेवून, मोठ्यानं वाचलं.

"महबूबबी. शेळ्यांवाली. पहिली तीच. दोनदा सापडला तिला, दोनदा घेऊन गेली."

"घेऊन गेली?"

"घेऊन गेली आणि माझ्या दारात आणून दिला. दोन्ही डबे, उघडूनसुद्धा न बघता. हैदराबादेत डबा नेतात रे आदित्य. मालकाकडे नेतात." तिनं कागद परत दिला. "कर सही. तिच्या खाली."

आदित्यनं वर पाहिलं. वरची बाई हातातली नवी बांगडी फिरवत त्याच्याकडे रोखून बघत होती. त्यानं यानला इंग्रजीत दोन वाक्यांत सांगितलं. यान हसला नाही. त्यानं टोपी काढली आणि वर बघून मान लववली. मग दोघांनी, एकाखाली एक, त्या उर्दू ओळीखाली सह्या केल्या.

आदित्यनं कागद आत टाकला आणि डबा यानच्या हातात दिला. यान तो खाली ठेवून यंत्रावर काहीतरी टिपून घ्यायला लागला, तोच वरून आवाज आला. इतका वेळ कोंडून ठेवलेला, खणखणीत.

"ओ साब! पहले डब्बा बंद करो बराबर! और जहां से लिये ना, वहींच रखो!"